विश्लेषण : बायपोलर आजारात गोळ्यांसोबत थेरपी का लागते? व्हिव्हियन लीचे आयुष्य काय सांगते?

१९४८ च्या एप्रिलमध्ये लंडनची ‘ओल्ड व्हिक’ ही नामांकित नाटक कंपनी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर मेलबर्नला पोहोचली. प्रिन्सेस थिएटरमध्ये तिचे प्रयोग सुरू झाले. कंपनीसोबत होती ‘गॉन विथ द विंड’ची नायिका व्हिव्हियन ली. त्याच सुमारास, त्याच शहराच्या वेशीवर बंडूरा येथील एका मनोरुग्णालयात डॉ. जॉन केड उन्मादाच्या रुग्णांना एक साधा क्षार देऊन पाहत होते. त्याचे नाव लिथियम. व्हिव्हियनला जो आजार होता, त्यावरचे आजवरचे सर्वात महत्त्वाचे औषध तिच्यापासून काही मैलांवर तपासले जात होते. पण पुढची १९ वर्षे तिच्या वाट्याला आले ते प्रामुख्याने विजेचे झटके आणि गुंगी आणणारी औषधे.

लिथियम तिला मिळाले असते, तर तेवढ्याने भागले असते का? बायपोलर आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या घरी आज हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. गोळ्या सुरू आहेत, मग आणखी थेरपी कशाला? किंवा याच्या उलट, थेरपी सुरू आहे, मग गोळ्या कशाला? व्हिव्हियन लीच्या आयुष्यातून या प्रश्नांची उत्तरे समजून घेऊ या.

व्हिव्हियन ली कोण होती?

तिचा जन्म ५ नोव्हेंबर १९१३ रोजी दार्जिलिंगमध्ये झाला. मूळ नाव व्हिव्हियन मेरी हार्टली. वडील कोलकात्यात ब्रोकर होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते घोडदळात अधिकारी म्हणून बंगळूरुला गेले, तेव्हा आई आणि मुलगी उटीला राहिल्या. वयाच्या तिसऱ्या वर्षी आईच्या हौशी नाटकमंडळीत ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली. सहाव्या वर्षी तिला इंग्लंडमधल्या कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले आणि भारत सुटला.

पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टमध्ये तिने प्रवेश घेतला. १९३२ मध्ये वयाने १३ वर्षांनी मोठ्या असलेल्या हर्बर्ट ली होल्मन या बॅरिस्टरशी लग्न झाले, पुढच्याच वर्षी मुलगी झाली. पतीच्या नावातला ‘ली’ तिने रंगमंचासाठी घेतला. १९३५ मधल्या ‘द मास्क ऑफ व्हर्च्यू’ या नाटकाने ती प्रकाशझोतात आली आणि ‘फायर ओव्हर इंग्लंड’ या १९३७ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए तिचा सहनायक होता. दोघेही विवाहित होते. दोघांनीही आपापले संसार सोडले आणि १९४० मध्ये लग्न केले. त्याच वर्षी ‘गॉन विथ द विंड’मधल्या स्कार्लेट ओ’हाराच्या भूमिकेसाठी तिला पहिले ऑस्कर मिळाले. वय होते अवघे २६.

आजाराची चिन्हे पहिल्यांदा कधी दिसली?

१९३७ मध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोर येथे ‘हॅम्लेट’चा प्रयोग होता. ऑलिव्हिए हॅम्लेट आणि व्हिव्हियन ऑफेलिया. रंगमंचावर जायच्या थोडे आधी ती काहीही कारण नसताना त्याच्यावर ओरडू लागली, मग अचानक गप्प झाली आणि शून्यात पाहत राहिली. प्रयोग मात्र तिने व्यवस्थित पार पाडला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी होती आणि आदल्या दिवसाचे तिला काही आठवत नव्हते. असा प्रकार ऑलिव्हिए प्रथमच पाहत होता. कलावंतांचे लहरी स्वभाव सर्वांनाच माहीत असतात, त्यामुळे गोष्ट तिथेच मिटली.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी प्रयोग करायला ती उत्तर आफ्रिकेत गेली आणि खोकला, ताप घेऊन परतली. १९४४ मध्ये डाव्या फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. ‘सीझर अँड क्लिओपात्रा’च्या चित्रीकरणादरम्यान तिला दिवस गेल्याचे कळले, पण गर्भपात झाला. त्यानंतर ती खोल नैराश्यात गेली. एकदा तर ती हुंदके देत जमिनीवर कोसळली. तिच्या आजाराचा हा पहिला मोठा झटका मानला जातो.

यानंतर ऑलिव्हिएला हळूहळू एक क्रम ओळखता येऊ लागला. आधी काही दिवस प्रचंड उत्साह, सतत काहीतरी करत राहणे. मग उदासी. मग स्फोट. आणि शेवटी सारे शांत झाल्यावर, जे घडले त्याची आठवण नसली तरी त्याची मनस्वी लाज आणि पश्चात्ताप. क्रम कळत होता, पण तो मोडायचा कसा, हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.

बायपोलर आजार म्हणजे नेमके काय?

त्या काळी या आजाराला ‘मॅनिक डिप्रेशन’ म्हणत. मराठीत त्याला द्विध्रुवी मनोविकार असे नाव आहे. यात माणसाचे मन काही दिवस किंवा महिने उन्मादाच्या टोकाला असते. झोप कमी होते, तरी थकवा येत नाही. विचार आणि बोलणे धावू लागते. पैसा उधळला जातो, नको ते धाडस केले जाते आणि राग अनावर होतो. दुसऱ्या टोकाला नैराश्य असते. उठावेसे वाटत नाही, कशातच रस उरत नाही. या दोन टोकांच्या मधल्या काळात माणूस अगदी नेहमीसारखा असू शकतो.

नेमकी हीच गोष्ट घरच्यांना चकवते. चार महिने चांगला असलेला माणूस बरा झाला, असे समजले जाते. सकाळी आनंद आणि संध्याकाळी उदासी अशी रोजची चलबिचल म्हणजे बायपोलर नव्हे. हा मेंदूच्या कार्याशी निगडित आजार असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मात्र झटका केव्हा येणार, यावर झोप, ताण, दिनक्रम आणि घरातले वातावरण यांचा परिणाम होतो. थेरपीचे काम इथेच सुरू होते.

यश आणि आजार एकत्र कसे चालले?

१९४९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ हे नाटक आले. मनाचा तोल गमावत जाणारी ब्लांश दुबॉय ही त्यातली नायिका व्हिव्हियनने ३२६ प्रयोगांत साकारली. त्यानंतर हॉलीवूडमध्ये मार्लन ब्रँडोसोबत तीच भूमिका चित्रपटात केली आणि दुसरे ऑस्कर मिळवले. या भूमिकेने आपला तोल ढळवला, असे ती नंतर सांगत असे. एका भूमिकेमुळे बायपोलर आजार होत नाही. पण रात्री उशिरापर्यंतचे प्रयोग, दिवसा तालमी, सततचा प्रवास आणि रोज तेच वेदनादायी प्रसंग जगणे, हे सारे आधीच नाजूक असलेल्या मनावर ओझे टाकणारेच होते.

बकिंगहॅमशायरमधल्या ‘नॉटली ॲबी’ या त्यांच्या जुन्या वाड्यात मेजवान्या झडत. पाहुणे थकून जात, पण यजमानीण जागीच असे. तिच्या उत्साहाचे मित्रमंडळींत कौतुक होते. आजचे मानसोपचारतज्ज्ञ अशा रात्रींकडे वेगळ्या नजरेने पाहतील. सलग काही रात्री झोप कमी होणे आणि तरीही ताजेतवाने वाटणे, ही उन्माद सुरू होत असल्याची ओळखीची खूण आहे.

१९५३ मध्ये काय घडले?

त्या वर्षीच्या जानेवारीत ‘एलिफंट वॉक’ या चित्रपटासाठी व्हिव्हियन सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेली. नायक होता पीटर फिंच. चित्रीकरण सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत तिची प्रकृती बिघडू लागली. चमू हॉलीवूडला परतल्यावर परिस्थिती हाताबाहेर गेली. पॅरामाऊंट स्टुडिओने तिच्या जागी एलिझाबेथ टेलरला घेतले. सिलोनमध्ये लांबून टिपलेल्या काही दृश्यांत आजही व्हिव्हियनच दिसते.

ऑलिव्हिए तिला आणायला गेला. गुंगीचे औषध देऊन तिला विमानाने इंग्लंडला नेण्यात आले आणि सरे परगण्यातल्या नेदर्न रुग्णालयात दाखल केले गेले. याच काळात भ्रमिष्ट बोलण्याच्या मधल्या शुद्धीत तिने फिंचवर आपले प्रेम असल्याचे पतीला सांगितले. इतकी वर्षे झाकलेला आजार आता सर्व मित्रांना, सहकाऱ्यांना कळला. काही महिन्यांत ती सावरली आणि त्याच वर्षअखेरीस ऑलिव्हिएसोबत ‘द स्लीपिंग प्रिन्स’ या नाटकात उभीही राहिली. १९५५ मध्ये स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या तीन नाटकांत तिने भूमिका केल्या. बाहेरच्यांसाठी ती ‘बरी’ झाली होती. प्रत्यक्षात एक झटका ओसरला होता, इतकेच.

त्या काळी उपचार काय होते?

तिला प्रामुख्याने विद्युत उपचार, म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्रास ‘शॉक’ म्हटले जाते, ते दिले गेले. त्या दशकात अनेक ठिकाणी ते भूल न देताच देत. आज भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच ते दिले जातात आणि तीव्र आजारात ते उपयोगी ठरतात. भारतात तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता शॉक देण्यावर बंदीच घातली आहे. म्हणजे दोष या पद्धतीचा नव्हता. अडचण अशी होती की, झटका आल्यावर तो शमवायचा आणि पुढचा येईपर्यंत वाट पाहायची, याखेरीज कोणतीही योजना नव्हती.

लिथियम तिच्यापर्यंत का पोहोचले नाही?

केड यांनी लिथियमचा परिणाम आधी गिनी पिगवर पाहिला, मग स्वतः ते घेऊन पाहिले आणि २९ मार्च १९४८ रोजी पहिल्या रुग्णाला दिले. वर्षानुवर्षे उन्मादात असलेला हा ५१ वर्षांचा माणूस काही महिन्यांत घरी जाण्याइतका बरा झाला. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त उन्मादाच्या १० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पण त्याच वर्षी अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडमुळे विषबाधेने मृत्यू झाले आणि लिथियम बदनाम झाले. शिवाय या स्वस्त क्षाराचे पेटंट कोणाला मिळणार नव्हते, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यात रस नव्हता. डेन्मार्कमध्ये डॉ. मोगेन्स स्काऊ यांनी १९५४ पासून त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू ठेवला. स्काऊ आणि पॉल बास्ट्रुप यांनी लिथियम पुढचे झटकेही रोखते, असे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला तो १९६७ मध्ये. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी या दाव्याला मिथक ठरवू पाहिले. अमेरिकेने लिथियमला मान्यता दिली १९७० मध्ये.

या कहाणीत एक तपशील फार बोलका आहे. केड यांचा तो पहिला रुग्ण घरी गेल्यावर बरे वाटू लागले म्हणून लिथियम घेईनासा झाला. आजार उलटला आणि सहा महिन्यांत तो पुन्हा रुग्णालयात आला. औषध पुन्हा सुरू झाले, पण रक्तातली पातळी मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. औषध रामबाण असले तरी ते घेत राहायला आणि त्यावर नीट लक्ष ठेवायला काय लागते, हा प्रश्न पहिल्याच रुग्णाने समोर ठेवला होता.

आजाराने नात्यांचे काय केले?

१९५६ मध्ये व्हिव्हियनला पुन्हा दिवस गेले. ‘साउथ सी बबल’ हे नाटक तिने सोडले. पण गर्भपात झाला आणि नैराश्याने पुन्हा गाठले. १९५७ मध्ये लंडनचे सेंट जेम्स थिएटर पाडण्याच्या निर्णयाविरोधात ती रस्त्यावर उतरली. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात कामकाज सुरू असताना प्रेक्षक गॅलरीतून तिने आवाज उठवला, तेव्हा तिला बाहेर काढण्यात आले. ही तळमळ आजाराची की तिची स्वतःची? बाहेरून ठरवणे अवघड आहे. बायपोलर आजारासह जगणाऱ्या माणसाला आयुष्यभर या शंकेचा सामना करावा लागतो. तो रागावला की घरचे विचारतात, गोळी घेतलीस का? माझे काय आणि आजाराचे काय, हे वेगळे करायला शिकणे हा आज थेरपीतला महत्त्वाचा भाग आहे.

ऑलिव्हिए अखेर थकला. १९६० मध्ये घटस्फोट झाला आणि पुढच्या वर्षी त्याने जोन प्लोराइट या अभिनेत्रीशी लग्न केले. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण आजार काय आहे, झटका येताना काय बोलावे, काय टाळावे, स्वतःला कसे जपावे, हे त्याला कोणीही शिकवले नव्हते. एका आजारी माणसाची काळजी घेणारा दुसरा माणूसही मोडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

त्यानंतर व्हिव्हियनच्या आयुष्यात अभिनेता जॅक मेरिव्हेल आला. तिचा आजार त्याला आधीपासून ठाऊक होता आणि तिची काळजी घेईन, असे त्याने ऑलिव्हिएला सांगितले होते. त्याच्या सोबतीने तिला काहीसे स्थैर्य लाभले. १९६३ मध्ये ‘तोवारिच’ या संगीत नाटकासाठी तिला ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळाला. पण आठवड्याला अनेक प्रयोग करताना आजार पुन्हा उफाळला आणि त्याच वर्षी तिला ते नाटक सोडून इंग्लंडला परतावे लागले. समजून घेणारा जोडीदार मिळाला, तरी प्रभावी औषध नव्हते. दोन्हींपैकी एकच हाती असले की काय होते, ते इथे दिसते.

थेरपीने पुढे काय शोधले?

व्हिव्हियनच्या आयुष्यात ज्या चार गोष्टी पुन्हा पुन्हा आड आल्या, त्यांच्यावरच पुढच्या काळात चार प्रकारच्या थेरपी उभ्या राहिल्या. या सर्व थेरपी औषधांच्या जोडीला दिल्या जातात.

पहिली गोष्ट, धोक्याची खूण ओळखणे. मँचेस्टरमध्ये ६९ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. रुग्णांना झटक्याची स्वतःची सुरुवातीची लक्षणे ओळखायला आणि ती दिसताच उपचारांसाठी जायला शिकवले गेले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात एक चतुर्थांश रुग्णांना १७ आठवड्यांच्या आत उन्मादाचा झटका आला. शिकवलेल्या गटात तोच टप्पा यायला ६५ आठवडे लागले. नैराश्याच्या झटक्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

दुसरी, आजाराची माहिती आणि औषधांत सातत्य. बार्सिलोनाच्या संशोधकांनी १२० रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांची औषधे सुरू होती. निम्म्यांना गटात २१ सत्रांत आजाराबद्दल शिकवले, उरलेल्यांच्या तितक्याच साध्या गटभेटी झाल्या. दोन वर्षांत साध्या गटातल्या ९२ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला, तर शिकवलेल्या गटात हे प्रमाण ६७ टक्के होते. ६७ हा आकडा लहान नाही. पण औषधे तीच असताना केवळ समजुतीने पडलेला हा फरक आहे.

तिसरी, झोप आणि दिनक्रम. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी यावर एक थेरपी विकसित केली. त्यात रुग्ण रोज पाच वेळांची नोंद ठेवतो. उठण्याची, दिवसातल्या पहिल्या माणसाशी बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपण्याची. या वेळा शक्य तितक्या स्थिर ठेवायच्या आणि त्या बिघडवणारे नात्यांतले ताण सोडवायचे, अशी ही पद्धत आहे. १७५ रुग्णांच्या अभ्यासात, झटक्याच्या काळातच ही थेरपी मिळालेले रुग्ण पुढे जास्त काळ स्थिर राहिले.

चौथी, कुटुंब. घरात सतत टीका आणि टोमणे असतील, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, असे संशोधन सांगते. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी रुग्ण आणि घरचे यांना एकत्र बसवून आजार समजावणे, बोलण्याची पद्धत बदलणे आणि अडचणी सोडवणे यांचा कार्यक्रम तयार केला. १०१ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत या गटातल्या ३५ टक्के, तर तुलनेच्या गटातल्या ५४ टक्के रुग्णांना झटका आला.

याशिवाय विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी सीबीटी आहे. लंडनमधल्या १०३ रुग्णांच्या अभ्यासात एका वर्षात आजार उलटण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आले. अमेरिकेत नैराश्याच्या टप्प्यातल्या २९३ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात सखोल थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण वर्षभरात सावरले, तर थोडक्यात मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ५२ टक्के.

थेरपी सर्वांना लागू पडते का?

नाही. ब्रिटनमधल्या २५३ रुग्णांच्या सीबीटीच्या अभ्यासात, जो २००६ मध्ये आला, एकूण फरक दिसला नाही. ज्यांना आधी १२ पेक्षा कमी झटके येऊन गेले होते, त्यांना फायदा झाला. त्याहून जास्त झटके आलेल्यांना तो झाला नाही. याचा अर्थ थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितके बरे. शिवाय उन्माद टोकाला असताना बोलून काही साधत नाही. तेव्हा आधी औषध आणि गरज पडल्यास रुग्णालय हाच मार्ग असतो.

थेरपी सुरू केल्यावर गोळ्या बंद करता येतात का?

वरच्या सर्व अभ्यासांत थेरपी औषधांच्या सोबत दिली गेली होती, औषधांऐवजी नव्हे. लिथियमसारख्या औषधांना ‘मूड स्टॅबिलायझर’ म्हणतात. घरातल्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरशी तुलना केली तर मुद्दा लगेच कळतो. विजेचा दाब वरखाली झाला की स्टॅबिलायझर सांभाळून घेतो. म्हणून तो काढून टाकायचा नसतो. पण घरातले वायरिंग जुने असेल आणि एकाच प्लगवर चार उपकरणे लावली असतील, तर एकटा स्टॅबिलायझर पुरणार नाही. वायरिंग तपासण्याचे काम थेरपीचे.

लिथियम घेणाऱ्यांना रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. तहान लागणे, हात थरथरणे, वजन वाढणे असे त्रास होऊ शकतात. काहींना उन्मादातला तो उत्साह हरवल्याची खंत वाटते. अशा वेळी रुग्ण गुपचूप गोळ्या सोडतात. हे बोलायला हक्काची जागा मिळाली, तर डोस किंवा औषध बदलता येते. केड यांच्या पहिल्या रुग्णाला ती मिळाली नव्हती. औषध एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. कोणताही बदल मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

व्हिव्हियन लीचा शेवट कसा झाला?

१९६७ मध्ये ‘अ डेलिकेट बॅलन्स’ या नाटकाची तयारी सुरू असताना क्षयरोग उलटला. ७ जुलैच्या रात्री मेरिव्हेल आपला प्रयोग संपवून लंडनच्या ईटन स्क्वेअरमधल्या घरी परतला, तेव्हा ती आधी झोपलेली दिसली. थोड्या वेळाने ती जमिनीवर पडलेली आढळली. ती ५३ वर्षांची होती. लंडनच्या वेस्ट एंडमधल्या नाट्यगृहांनी एक तास बाहेरचे दिवे मालवून तिला निरोप दिला. ससेक्समधल्या टिकरेज मिल या तिच्या घराजवळच्या तळ्यात तिची रक्षा विसर्जित करण्यात आली. लिथियम झटके रोखते, हे सांगणारा डेन्मार्कचा निबंध प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते.

दोन ऑस्कर, एक टोनी आणि तीन दशकांचा रंगमंच हे सारे तिने या आजारासह मिळवले. पण प्रत्येक झटक्यानंतर तिला एकटीने लाज गिळत पुन्हा उभे राहावे लागले.

भारतात आज काय स्थिती आहे?

तेव्हा नसलेली औषधे आज जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात आणि लिथियम फारसे महाग नाही. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात बायपोलर आजाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांतच एकवटलेले असल्याने ज्यांना गोळ्या मिळतात, त्यांनाही थेरपी मिळतेच असे नाही. अशा वेळी काही गोष्टी घरूनच सुरू करता येतात. झोपण्या-उठण्याच्या वेळा आणि मनःस्थिती यांची रोज नोंद ठेवणे, मागच्या झटक्याआधी काय काय बदलले होते याची यादी घरच्यांसोबत करणे, डॉक्टरांच्या भेटीला घरातल्या एका व्यक्तीने सोबत जाणे आणि तब्येत चांगली असतानाच, पुढे बिघडली तर कोणाला फोन करायचा, पैशांचे व्यवहार कोण पाहणार, हे ठरवून ठेवणे.

केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या २४ तास चालणाऱ्या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. रुग्णांप्रमाणेच त्यांची काळजी घेणाऱ्या नातेवाईकांनाही तेथे फोन करता येतो.